मोहाडीचं एकशे एक

धर्मेंद्र सोनकुसरेला कोणी वेंधळा म्हटलं असतं, तर अख्खं विणकर संघाचं ऑफिस त्याच्या बाजूनं भांडायला उठलं असतं. घराला कुलूप लावलं की दोनदा ओढून पाहणारा माणूस तो. गॅस बंद केला की नाही म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत येणारा. लोक हसायचे त्याला, आणि काही अडलं की त्याच्याचकडे पळत यायचे. अशा माणसाच्या हातून हे व्हावं! अरे, निष्काळजी माणसाचं काही गेलं तर दुनिया म्हणते, जायचंच होतं. ज्यानं जीव लावून सांभाळलं त्याचंच गेलं तर काय म्हणायचं, सांगा.

संघ तसा लहानच. भंडाऱ्याला मुख्य ऑफिस, मोहाडी आणि सानगडीला एकेक केंद्र. तिन्ही ठिकाणी एकेक सर्व्हर. सर्व्हर म्हणजे एक दणकट कंप्युटरच, पण त्याच्या पोटात चार-पाच वेगळे कंप्युटर असल्यासारखे चालू शकतात. एकात पगार, एकात सुताचा साठा, एकात विक्री. पोटातल्या या कंप्युटरांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात आणि प्रत्येकाला एक नंबर असतो. तीन गावं, तीन सर्व्हर, तीन पासवर्ड, आणि हे सगळं बघायला एकटा धर्मेंद्र. सानगडीचा सर्व्हर रुसला की साकोलीची बस धरायची, मोहाडीचा पंखा बंद पडला की गाडीला किक मारायची. मोहाडीला पोचत नाही तो सानगडीहून फोन. जीव मेटाकुटीला आला होता त्याचा.

म्हणून त्यानंच संघाचे अध्यक्ष नत्थूजी हेडाऊ यांच्या मागे लागून ठरवून घेतलं. तिन्ही सर्व्हर भंडाऱ्याच्या ऑफिसात एका खोलीत आणायचे आणि त्यांचा क्लस्टर करायचा.

"म्हंजे का होईन?" नत्थूजींनी विचारलं.

"भाऊ, समजा तीन शेडमधी माग आहेत, आन तिन्ही शेडचे मुकादम वेगळे. मले तिघाइच्या दारी जाऊन इचारा लागते. क्लस्टर केला का मुकादम एकच. एका खुर्चीवरून तिन्ही शेड दिसतीन. एक बंद पडली त बाकीच्या दोन तिचं काम उचलतीन."

"मंग पयलेच काहून नाई केलं बे?" म्हणून नत्थूजींनी सही करून टाकली.

आता मोहाडीच्या सर्व्हरमध्ये काय होतं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तिथं धर्मेंद्रच्या बापाचा अख्खा जन्म साठवलेला होता.

गोपाळराव सोनकुसरे म्हणजे कोसा रेशमाच्या साड्यांचे काठ काढणारा माणूस. मागावर बसणारे भंडाऱ्यात पुष्कळ झाले, पण ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन भरत नवा काठ जन्माला घालणारे मोजकेच. काठाला करवतीचे दात सगळेच काढतात. गोपाळरावांच्या दातांत मुंग्या चालायच्या, चिंचेची पानं मिटायची, बोरीचे काटे एकमेकांत अडकायचे. पुढं एका योजनेतून मोहाडीच्या केंद्राला मोठा स्कॅनर मिळाला, तेव्हा धर्मेंद्रनं बापाचा एकूणएक कागद तिथं नेऊन स्कॅन केला आणि मोहाडीच्या सर्व्हरमध्ये ठेवला. बरं झालं म्हणायचं, कारण त्यानंतर वैनगंगेचं पाणी गल्लीत शिरलं आणि घरातल्या कागदांचा लगदा झाला. साड्या तर विकल्याच गेल्या होत्या. कुठली साडी कुठल्या बाईच्या पेटीत आहे ते कोण सांगणार? आणि अर्धे काठ तर कधी विणलेच गेले नव्हते. गिऱ्हाइकाला स्वस्त पाहिजे, दुसरं काय.

मग काचबिंदूनं गोपाळरावांचे दोन्ही डोळे नेले. तेव्हापासून दर रविवारी जेवणं झाली की बाप म्हणायचा, "धर्मा, काठ वाच." धर्मेंद्र लॅपटॉपवर मोहाडीचा सर्व्हर उघडायचा आणि पडद्यावर पाहून सांगायचा, इथं दोन घरं भरलेली, इथं एक रिकामं, मग दात वर चढतो. म्हातारा मांडीवर बोट फिरवत ऐकायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर असं तेज यायचं की शेवंताबाई, धर्मेंद्रची आई, भांडी घासायची सोडून दारात येऊन उभी राहायची. आठवड्यातला तेवढाच वेळ गोपाळराव आंधळे नसायचे.

त्या काठांची दुसरी प्रत काहून ठेवली नाही, असं पुढं धर्मेंद्रला सगळ्यांनी विचारलं. कशी ठेवणार? बापानंच शपथ घातली होती. "पेनड्राइव्ह-बिनड्राइव्हवर नाई ठेवायचं. हातचा गेला का दुसऱ्या दिवशी पावरलूमवाल्याच्या हाती. मंग माहा काठ परकराच्या कापडावर छापून गुजरीच्या बाजारात इकतीन थे." विणकराचा हा जुना धाक. आपला काठ भावाला दाखवत नाहीत, तर पेनड्राइव्ह काय घेऊन बसलात! मोहाडीला बॅकअपची डिस्क होती, ती उन्हाळ्यात बिघडली. नवी मागितली तर नत्थूजी म्हणाले, आता सगळं एकाच जागी आणायचं आहे ना, मग तिथं कायले खर्च?

झालं. मोहाडी आणि सानगडीचे सर्व्हर टेम्पोतून भंडाऱ्याला आले. धर्मेंद्रनं वाटेत मोहाडीचा सर्व्हर मांडीवर घ्यायचाच काय तो बाकी ठेवला होता.

क्लस्टरचा एक नियम असतो. नव्यानं आत येणाऱ्या सर्व्हरनं रिकाम्या पोटी यायचं. म्हणजे आधी त्याच्या पोटातल्या मशीनची प्रत बॅकअपच्या डब्यात, म्हणजे ऑफिसातल्या वेगळ्या डिस्कवर, काढून ठेवायची, मग सर्व्हर साफ पुसून नव्यानं मांडायचा, क्लस्टरमध्ये घ्यायचा आणि डब्यातली प्रत परत त्यात ओतायची. भंडाऱ्याचा सर्व्हर मुळातला, तो तसाच राहणार होता. रिकामे व्हायचे होते मोहाडी आणि सानगडी; दोघांच्या पोटात एकेकच मशीन, मोहाडीत काठांची आणि सानगडीत सूतसाठ्याची.

धर्मेंद्रनं पहिले मोहाडी घेतलं. बापाचं आहे, मन ताजं असताना करून टाकू, म्हणून. प्रत डब्यात गेली. हिरवी खूण आली. त्यानं प्रत उघडून पाहिली, चिंचपानाचा काठ दिसला, बंद केली. चहा पिऊन आला आणि पुन्हा उघडून पाहिली. मग सानगडीची प्रत काढली. तीही दोनदा पाहिली. मग दोन्ही सर्व्हर पुसले, नव्यानं मांडले आणि क्लस्टरमध्ये घेतले. एका पडद्यावर तिन्ही गावांची नावं एकाखाली एक उजळली, तेव्हा हिशेब विभागातल्या रीतानं टाळ्या वाजवल्या आणि आलुबोंडे मागवले.

"धर्मेंद्रभाऊ, आता तुमची धावाधाव संपली म्हना!"

"संपली बापा," धर्मेंद्र म्हणाला. खरंच हलका झाला होता तो. मग बोंड्याचा हात पुसून त्यानं मोहाडीची प्रत परत ओतायला डबा उघडला.

डब्यात एकशे एक नंबरची एकच प्रत होती.

आता या एकशे एकची गोष्ट ऐका. सॉफ्टवेअर पहिल्या मशीनला आपणहून शंभर नंबर देतं. पण भंडाऱ्याचा पहिला सर्व्हर बसला त्या दिवशी नत्थूजींनी त्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि विचारलं, नंबर काय? शंभर म्हटल्यावर त्यांचं तोंड वाकडं झालं. "शंभर? आहेराच्या पाकिटात कोनी शंभर टाकते का? शून्यावर काम थांबते. एकशे एक कर." धर्मेंद्रनं एकशे एक केलं. मोहाडीलाही नारळ, मोहाडीलाही एकशे एक. सानगडीलाही तेच. कोणी कोणाला आडवं जात नव्हतं, कारण तिघं तीन गावांत होते आणि एकमेकांना ओळखतही नव्हते.

आणि हा डबा लहान, म्हणून धर्मेंद्रनंच केव्हाची त्याला शिस्त लावून दिली होती: एका नंबरची एकच प्रत ठेव, नवी आली की जुनी काढून टाक. डब्याला गाव कळत नाही. डब्याला बाप कळत नाही. मोहाडीचं एकशे एक आत होतं, त्यावर सानगडीचं एकशे एक आलं. डब्यानं नवं ठेवलं आणि जुनं फेकलं.

हे त्याला एकदम नाही कळलं. एकच प्रत दिसते, म्हणजे दुसरी खाली कुठं असेल, असं म्हणत त्यानं ती मोहाडीच्या सर्व्हरवर ओतली. क्लस्टरमध्ये एक नंबर दोघांना चालत नाही, म्हणून दोनशे एक नंबर दिला. मशीन सुरू झाली. उघडून पाहतो तर सानगडीचा सूतसाठा.

"चुकून सानगडीचं टाकलं वाटते," रीता म्हणाली. "मोहाडीचं घ्या ना आता."

धर्मेंद्रनं डबा वर-खाली केला. बंद करून उघडला. त्याच्या हातातून माऊस सटकत होता.

"घ्या ना भाऊ."

"कोठून घेऊ?" तो म्हणाला. मग खुर्चीवरून उठला आणि उगाच खिडकीपाशी जाऊन परत आला. "रीता, कोठून घेऊ बाई? मीच पुसलं ना थे. आत्ताच पुसलं मी."

रीतानं आलुबोंड्याचा कागद उचलून टोपलीत टाकला. 

मोहाडीच्या सर्व्हरची आणि डब्याची डिस्क काढून तो नागपूरला गेला. पुसलेलं परत काढून देणाऱ्या दुकानदारानं आठवडाभर ठेवून घेतली आणि मान हलवली. सर्व्हर नव्यानं मांडला, त्यावर सानगडीचं ओतलं, आता खाली काही उरलं नाही भाऊ, म्हणाला. डब्याचंही तसंच. धर्मेंद्र त्याच्या पाया पडायचा तेवढा राहिला.

मग नत्थूजींसमोर जाऊन उभा राहिला. नोकरी जाईल, पोलिसात देतील, शिव्या घालतील. सगळ्याची तयारी करून गेला होता. खरं तर शिव्या खायलाच गेला होता.

"सूतसाठा आला ना?" नत्थूजींनी विचारलं.

"आला."

"पगार होते ना बराबर?"

"होते."

"मंग कायले तोंड पाडून राहिला? जुने काठ आता कोन विनते? क्लस्टर मस्त झाला, मी मीटिंगमधी सांगितलं तुह्यं नाव." आणि फोन आला म्हणून ते बोलायला लागले. एवढंच. एका माणसाचा जन्म पुसला गेला आणि कोणी साधं रागावलंसुद्धा नाही! धर्मेंद्र जिन्यात बसून रडला. रडणारच.

घरी सांगायचं राहिलं होतं. नेटवर्कचं काम सुरू आहे म्हणत त्यानं एक-दोन रविवार ढकलले. बाप समजूतदार, बरं म्हणाला आणि रिकाम्या मांडीवर बोट फिरवत बसला. ते पाहवेना. शेवटी एका रविवारी धर्मेंद्रच्या डोक्यात आलं की सर्व्हरमधलं गेलं, पण म्हाताऱ्याच्या डोक्यातलं कुठं गेलं आहे? तेच काढून घ्यायचं. न सांगता.

"बाबूजी, आज तुमी सांगा. मी पडद्यावर मिळवून पाहतो."

गोपाळराव खूशच झाले. "माही परीक्षा घेतं का?" म्हणाले, आणि सुरू झाले. धर्मेंद्रनं समोर लॅपटॉप उघडून ठेवला, पडदा नुसता काळा, आणि मांडीवर ग्राफचा कागद घेऊन पेन्सिलीनं घरं भरत गेला. मुंगीवाट झाली. चिंचपान झालं. प्रत्येक ओळीला तो म्हणायचा, "बराबर, बाबूजी." रविवारमागून रविवार कागद वाढत गेले. पोट दुखतं म्हणत ताटावरून उठणाऱ्या त्याला आता जेवण जाऊ लागलं. शेवंताबाईला वाटलं, पोराच्या पोटाचं दुखणं गेलं. सगळे काठ असे उतरवून घेऊ, पुन्हा सर्व्हरमध्ये टाकू, आणि बापाला कळायचंही नाही! असं त्याचं चाललं होतं.

पण म्हातारा काय मूर्ख होता? जन्मभर एकेक धागा मोजलेला माणूस.

"धर्मा," एका रविवारी गोपाळराव मध्येच थांबले. "मी एकबी जागी नाई चुकत?"

"नाई ना."

"एकबी नाई? कालचं जेवन आठवत नाई मले, आन चाळीस साल पयलेचा काठ पुरा बराबर?" त्यांनी आंधळे डोळे त्याच्याकडे वळवले. "तू पाहून राहिला का नुसता म्हाताऱ्याचं मन राखून राहिला?"

 आता पकडला जाणार, एवढंच धर्मेंद्रला दिसलं. माणूस घाबरला की काय करेल सांगता येत नाही.

"पाहून राहिलो ना बाबूजी. चुकले त सांगीन ना मी. सांगा पुढं."

"आंबागड सांगतो मंग," गोपाळराव म्हणाले. हा त्यांचा सगळ्यांत लाडका. पोरवयात मामाच्या गावाहून येताना आंबागडचा किल्ला पाहिला होता, तटाची दातेरी कडा आभाळावर, आणि मध्येच एक दात ढासळलेला. तसाच काठ काढला होता त्यांनी. दातांची रांग जाते, मग एक दात पडका, पुन्हा रांग, पुन्हा पडका. कधी विणला गेला नाही. "पडक्या दातापाशी तीन घरं रिकामी…"

"इथं चुकलं बाबूजी," धर्मेंद्र म्हणाला.

बोट मांडीवर थांबलं. "काय?"

"पडका दात नाई इथं. सारखे आहेत दात."

बोलून गेला. एक चूक दाखवली की बाकीचं खरं वाटेल, एवढाच हिशेब होता त्याचा. आणि तो लागू पडला, देवा, फारच लागू पडला.

"सारखे?" गोपाळरावांनी विचारलं. "नीट पाह्य. मले त पक्कं आठवते, पडला होता तो दात. मी बैलगाडीतून पाह्यलं होतं."

"सारखेच आहेत."

गोपाळरावांचं बोट मांडीवर त्याच जागी दोनदा फिरलं. मग स्वतःशीच हसले, पण ते हसणं पाहून शेवंताबाईनं पदर तोंडाला लावला.

"म्हंजे आंबागडच चुकला. मंग बाकीचे का बराबर असतीन! तू बराबर, बराबर म्हनत गेला. बरं, ऱ्हाऊ दे. मशीन आहे ना. मी कायले डोकं शिनवू आता?"

"सांगा ना बाबूजी. अजून बोरकाटी राहिला."

"नाई. आता नाई सांगत. मी सांगीन थे चुकीचं निघन, आन मलेच लाज वाटन."

तेव्हा कुठं धर्मेंद्रचा धीर सुटला. त्यानं बापाचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. डबा, नंबर, मोहाडी पुसलं, नागपूरचा दुकानदार. पडद्यावर काहीच नाही, केव्हापासून नाही. तुम्ही सांगितलं तेच खरं, पडका दात खरा, मी खोटं बोललो बाबूजी, दात होता पडका, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो, तुमच्याशिवाय आता कुठंच नाही ते. ओक्साबोक्शी रडत होता.

गोपाळरावांनी चाचपून त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"पाह्य वं शेवंता," ते म्हणाले, "तुह्या पोराले. बापाले वाईट वाटलं म्हून मशीनच खराब झाली म्हनते. लहानपनीबी असाच. माह्या हातून धोटा पडला त म्हने मीच पाडला."

"खरं आहे बाबूजी, आईची शपथ."

"शपथ नोको घेऊ. तू आन पुसशीन? दोनदा कुलूप पाहनारा तू?" त्यांनी त्याचे डोळे आपल्या धोतरानं पुसले. "जे कागद लिहिले असशीन थे फाडून टाक. पेन्सिल आयकू येते मले. चुकीचा काठ माह्या नावावर नोको ठेवू. खरं मशीनच्या आत आहे, तेवढं बस झालं."

 शेवंताबाई एकदा मुलाकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं, पण तिनं सांगून तरी म्हातारा कुठं मानणार होता.

गोपाळराव भिंतीला टेकले. मांडीवरचं बोट पुन्हा हलायला लागलं, हळूहळू, शाळेतलं पोर पाढा गिरवतं तसं. पडक्या दाताच्या जागी ते आलं की अडखळायचं, मागं यायचं, आणि मग न थांबता सरळ पुढं जायचं.

"सारखे," गोपाळराव पुटपुटत होते. "सारखे दात. ध्यानात ठेवा लागन आता. सारखे, सारखे."